एकशे ऐंशी गोळ्यांचा हंगाम

नवरात्र बसलं की तिसगावच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर धांदल उडते. ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन झालेली असते, टोळ्या ठरलेल्या असतात, ट्रक कोणत्या दिवशी दारात उभा राहणार याचा अंदाज लागलेला असतो. म्हाताऱ्यांना कोण सांभाळणार, शाळेतली पोरं कोणाकडे ठेवायची, शेरडं न्यायची की विकायची, यावर घराघरांत खल चालतो. याच दिवसांत परिसरातल्या एका उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेचीही धावपळ वाढते. वीसेक वर्षं याच भागात नोकरी केलेल्या या बाईंना सगळे नुसतं ‘सिस्टर’ म्हणतात. आशाताईंना बरोबर घेऊन त्या वस्तीवस्तीवर फिरतात. ऊसतोडीला जाणाऱ्यांत दिवस गेलेल्या कोण आहेत, कोणाची पाळी चुकली आहे, कोण नक्की सांगत नाही, याची यादी त्यांना ट्रक हलायच्या आत हवी असते.

त्या यादीतल्या प्रत्येकीच्या पदरात लाल गोळ्यांची पाकिटं टाकायची असतात. सरकारी हिशेबाने गरोदर बाईने चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे लोह आणि फॉलिक ॲसिडच्या १८० गोळ्या घ्यायच्या आणि बाळंतपणानंतर पुन्हा तितक्याच. १८० दिवस म्हणजे सहा महिने. दसऱ्यानंतर गेलेल्या टोळ्या पाडव्याच्या आसपास परततात, तोही काळ साधारण तेवढाच. बाईला लोहाची सर्वांत जास्त गरज असते ते महिने आणि ती गावातल्या दवाखान्यापासून दूर असते ते महिने, हे अनेकींच्या बाबतीत एकावर एक येतात. सिस्टरांच्या नोकरीचा मोठा भाग या एका गाठीभोवती गेला आहे.

अहिल्यानगरहून पाथर्डीकडे निघालं की करंजीचा घाट ओलांडल्यावर तिसगाव लागतं. जुन्या वेशींचं, हमरस्त्यावरच्या बाजाराचं हे गाव. जवळच मढीचा कानिफनाथ आणि डोंगरात वृद्धेश्वर. पाथर्डी तालुका अवर्षणाचा. इथे पाऊस हात राखून पडतो. बाजरी, तूर, कापूस यांवर वर्षाची मिळवणी होत नाही, म्हणून पाथर्डी, शेवगाव आणि लगतच्या बीड जिल्ह्यातली हजारो माणसं साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. जोडप्याचा मिळून एक कोयता धरला जातो. बाई थांबली तर कोयता अर्धा होतो, आणि उचल तर आधीच खर्च झालेली असते. त्यामुळे दिवस गेलेत हे कारण घरी थांबायला पुरत नाही.

फडावरचा दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. आधी चूल, मग तोड, मग मोळ्या बांधणं आणि त्या डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेणं. सातव्या-आठव्या महिन्यातल्या बायाही मोळ्या वाहतात. रक्तात हिमोग्लोबिन कमी असेल तर तेवढाच प्राणवायू अंगाला पुरवण्यासाठी हृदयाला जास्त वेगाने धावावं लागतं. पोटात वाढणारं बाळ, डोक्यावर मोळी आणि रक्तात दर डेसिलिटरमागे सात-आठ ग्रॅम हिमोग्लोबिन, हे सगळं एकट्या हृदयाने ओढायचं असतं.

उपकेंद्रात तपासणीच्या दिवशी हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, “सिस्टर, रक्त किती भरलं?” एकदा एका बाईला ९.८ भरलं. तिसऱ्या महिन्यात ते ११.२ होतं. ती वैतागली. “गोळ्या बी खाते, पालेभाजी बी खाते, अन् रक्त उलटं कमीच कसं झालं?” असा प्रश्न विचारणारी बाई सिस्टरांना फार आवडते, कारण तिने कार्डावरचा मागचा आकडा लक्षात ठेवलेला असतो. त्यांनी तिला समोर बसवलं आणि समजावून सांगितलं. घरात अवचित पाहुणे आले की आमटी वाढवावी लागते. डाळ थोडी वाढवतो, पाणी जास्त वाढवतो. आमटी सगळ्यांना पुरते, पण जरा पातळ होते.

गरोदरपणात रक्ताचं हेच होतं. रक्तातलं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो. तांबड्या पेशीही वाढतात, पण २० ते ३० टक्क्यांच्या आसपास. एकूण रक्त एक-दीड लिटरने वाढलेलं असतं, तरी दर डेसिलिटरमागचं हिमोग्लोबिन उतरलेलं दिसतं. ही उतरण साधारण सातव्या-आठव्या महिन्यात सर्वांत खाली जाते. यात शरीराची काही चूक नाही. पातळ रक्त वारेतून सहज वाहतं, बाळापर्यंत पोचतं, आणि बाळंतपणात अर्धा लिटर रक्त गेलं तरी बाईला ते सोसावं अशी ती तरतूद असते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने गरोदर बाईसाठी रक्तक्षयाची रेषा ११ ग्रॅमवर धरली आहे आणि मधल्या तीन महिन्यांसाठी ती १०.५ वर आणली आहे. गरोदर नसलेल्या बाईसाठी हीच रेषा १२ वर आहे.

या नियमाची दुसरी बाजू सिस्टर नव्या आशाताईंना आवर्जून सांगतात. आठव्या महिन्यात एखादीचं हिमोग्लोबिन साडेतेरा-चौदा दिसलं की घरचे खूश होतात. सिस्टर आधी रक्तदाबाचा पट्टा काढतात. रक्त जितकं पातळ व्हायला हवं तितकं झालंच नसेल, तर आकडा वर राहतो, आणि अशा बायांत रक्तदाब वाढण्याचा व बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका जास्त आढळतो.

तालुक्याच्या ठिकाणी खासगी लॅबमध्ये पूर्ण रक्ततपासणी करून आलेली माणसं कधीकधी घाबरीघुबरी होऊन येतात. पांढऱ्या पेशी १३ हजार, प्लेटलेट थोड्या कमी, ईएसआर वाढलेला. कागदावर तीन ठिकाणी ठळक अक्षरं. एकाने तर बायकोला कावीळ झाली की टायफॉइड, एवढंच विचारलं होतं. गरोदरपणात पांढऱ्या पेशी वाढतातच आणि कळा सुरू असताना आणखी वाढतात. प्लेटलेट जराशा उतरतात. रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन वाढतं, म्हणून ईएसआरही वाढतो. बाळंतपणानंतर रक्तस्राव आटोक्यात यावा यासाठीची ही तयारी असते. मात्र त्यापायी पायाच्या शिरेत गाठ होण्याचा धोकाही वाढतो, हे सांगायला सिस्टर विसरत नाहीत. एकच पोटरी सुजून दुखू लागली तर तेल चोळत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा.

सिस्टर शिकत होत्या तेव्हा हिमोग्लोबिन ‘साली’ नावाच्या पद्धतीने मोजायचे. नळीत खालच्या खुणेपर्यंत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यायचं, बोट टोचून बारीक पिपेटमध्ये २० मायक्रोलिटर रक्त ओढायचं, ते आम्लात सोडायचं. लालाचं तपकिरी होतं. दहा मिनिटं थांबायचं. मग डिस्टिल्ड वॉटर थेंबाथेंबाने घालत, काचेच्या काडीने ढवळत, बाजूच्या तपकिरी काचपट्टीशी रंग जुळेपर्यंत जायचं. जुळला की नळीवरचा आकडा वाचायचा. हे काम उजेडाचं आणि धीराचं. बाहेर चाळीस बाया बसल्या असतील तर दहा मिनिटांची सहा होतात आणि आकडा खोटा येतो. रक्त येईना म्हणून बोट दाबून पिळलं की ऊतींतलं पाणी मिसळतं, मग चांगल्या रक्ताची बाईही कार्डावर रक्तक्षयी ठरते. आता हातात डिजिटल यंत्र आहे, पट्टीवर थेंब ठेवला की क्षणात आकडा दिसतो. तरी पहिला थेंब पुसून टाकायची आणि बोट न पिळायची शिस्त त्यांनी सोडलेली नाही. यंत्राच्या आधी त्या खालची पापणी ओढून बघतात, जीभ, नखं, तळवे बघतात, आणि उपकेंद्राच्या पायऱ्या चढताना बाईला धाप लागली का, हे खिडकीतूनच पाहून ठेवतात. अनुभवी डोळा आणि यंत्र यांचं जुळलं नाही तर त्या पुन्हा टोचतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गरोदर बाया रक्तक्षयी आढळल्या. देशाचा आकडा ५२.२ होता. लोहगोळ्या वाटण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम तर १९७० पासूनचा. पन्नास वर्षं गोळ्या वाटूनही जवळजवळ निम्म्या बाया त्या रेषेखाली राहतात. याचं उत्तर गोळीच्या कारखान्यात शोधण्यापेक्षा बाईच्या दिवसभरात शोधावं लागेल.

हिशेब मांडला की ते कळतं. एका गरोदरपणाला साधारण १००० मिलिग्रॅम लोह लागतं. त्यातलं ३०० बाळ आणि वार घेतात, ५०० आईच्या वाढीव तांबड्या पेशींत जातं, उरलेलं शरीरातून रोज बाहेर पडतच असतं. सुरुवातीच्या तीन महिन्यांत पाळी थांबल्यामुळे दिवसाला एखादा मिलिग्रॅम पुरतो. शेवटच्या महिन्यांत मात्र गरज सहा-सात मिलिग्रॅमवर जाते. बाजरीत लोह आहे, हुलग्यात आहे, तांदुळजा आणि शेवग्याच्या पाल्यात आहे, अळिवात तर भरपूर आहे. पण धान्य-भाजीतल्या लोहापैकी फार थोडं आतड्यातून रक्तात उतरतं, आणि जेवणावर लगेच कोरा चहा घेतला की तेही अडतं. फडावर जेवण म्हणजे भाकरी, मिरचीचा ठेचा आणि दिवसातून चार वेळा चहा. लिंबू पिळलं तर लोह चांगलं शोषलं जातं, हे सिस्टर सांगतात. फडावर लिंबू आणायचं कुठून, असं एका बाईने विचारलं, तेव्हा त्यांनी चिंच आणि आवळ्याचं नाव न घेता थेट गोळीचीच वेळ ठरवून दिली. रात्री जेवणानंतर तासा-दोन तासांनी, पाण्याबरोबर, चहा नाही.

गोळीच्याही अडचणी असतात. मळमळतं, पोट साफ होत नाही, शी काळी होते. काळी शी बघून घाबरून गोळ्या उकिरड्यावर टाकलेल्या त्यांना सापडल्या आहेत. आधीच सांगून ठेवलं की “काळी होणार, ते लोहच आहे, घाबरायचं नाही,” तर बाया सहज घेतात. हे एक वाक्य पाकिटाइतकंच मोलाचं आहे. सासवांचा विरोध वेगळाच असतो. गोळ्यांनी पोर काळं होतं, गोळ्यांनी पोर थोराड होतं आणि बाळंतपण अडतं. एका म्हातारीने दारातच सुनावलं होतं, “अवं सिस्टर, आमच्या टायमाला कुठं व्हत्या ह्या गोळ्या? फडावर मोकळी झाले अन् तिसऱ्या दिशी कोयता घेतला.” सिस्टरांनी वाद घातला नाही. किती पोरं झाली, किती जगली, एवढंच विचारलं. म्हातारी बराच वेळ बोलत राहिली. सुनेला गोळी द्यायची जबाबदारी त्या दिवसापासून तिनेच घेतली.

याच जिल्ह्यात, पाथर्डीच्या दक्षिणेला जामखेड आहे. तिथे १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला आणि गावातल्याच बायांना, त्यातल्या अनेक दलित आणि निरक्षर, आरोग्याचं शिक्षण दिलं. गरोदर बाईला कमी खाऊ घालण्याची, पोर लहान राहावं म्हणून तिचा घास आखडण्याची रीत शहरातल्या डॉक्टरने सांगून मोडली नसती. ज्यांनी स्वतः तसे दिवस काढले त्या बायांनीच चुलीपाशी बसून ती मोडली. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि त्यांचं काम पाहायला जगभरातून माणसं जामखेडला येऊ लागली. आज प्रत्येक गावात आशाताई आहे, त्यामागे जामखेडसारख्या प्रयोगांचा अनुभव उभा आहे. घराच्या आत काय चाललंय हे कार्डावर येत नाही, ते शेजारणीलाच कळतं, ही समज या जिल्ह्याने देशाला फार आधी दिली.

शेजारणीकडूनच कळणारी एक गोष्ट म्हणजे माती खाणं. पाटीवरची पेन्सिल, चुलीची भाजकी माती, कच्चे तांदूळ. विचारलं तर बाया नाही म्हणतात, लाजतात. अनेकदा शरीरात लोह कमी पडल्याची ती खूण असते, आणि मातीमुळे लोह आणखी कमी शोषलं जातं, जंतही होतात. अनवाणी पायांनी शेतात वावरणाऱ्यांना हुकवर्म त्वचेतून गाठतो आणि आतड्याला चिकटून रोज थोडंथोडं रक्त पितो. म्हणून चौथ्या महिन्यानंतर जंताची एक गोळीही द्यायची असते. ओरडून माती सुटत नाही. रक्त भरू लागलं की ती ओढ बहुतेकींची आपोआप जाते, असा सिस्टरांचा अनुभव आहे.

महिनाभर नीट गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन निदान एका ग्रॅमने वाढलं नाही तर बाईला पुढे पाठवायचं, असा नियम आहे. सिस्टरांना तो नियम जिवापाड महत्त्वाचा वाटतो, कारण रक्त कमी आहे म्हणजे लोहच कमी आहे, असं दरवेळी नसतं. ही गोष्ट जगाला शिकवली ती मुंबईतल्या गिरणीकामगार बायांनी.

१९२८ मध्ये लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. परळच्या हाफकिन संस्थेत तिने काम सुरू केलं. गिरण्यांतल्या गरोदर बायांत एक भयंकर रक्तक्षय दिसत होता. त्यांच्या तांबड्या पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या असायच्या. जंतुसंसर्ग असेल असाही तर्क होता. विल्सने या बाया काय खातात याची चौकशी केली आणि सर्वांत निकृष्ट खाणं असलेल्या, गरीब वस्तीतल्या बायांना हा आजार गाठतो, हे तिच्या लक्षात आलं. पुढे उंदरांवर आणि माकडांवर तिने तसाच आहार देऊन पाहिला. यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारात मिळणारं स्वस्त मार्माइट, दिल्यावर माकडं सुधारली. मग तेच बायांना दिलं आणि त्यांचं रक्त झपाट्याने भरून आलं. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तिने हे प्रसिद्ध केलं. यीस्टमधला तो घटक नेमका कोणता हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं, त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. १९४१ मध्ये अमेरिकेत काही टन पालकातून तो वेगळा काढला गेला, आणि काही वर्षांतच आंध्रात जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने तो प्रयोगशाळेत तयार केला. तेच फॉलिक ॲसिड.

आजच्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ज्या गिरणगावात त्या बाया राबल्या तिथे आज उंच इमारती आहेत. त्यांची नावं कोणी टिपून ठेवली असतील तर ती जुन्या वैद्यकीय नोंदींत. पण त्यांच्या रक्तावरून जे कळलं ते गोळीच्या रूपाने पाथर्डीच्या वस्त्यांपर्यंत येऊन पोचलं आहे. हे ऋण मोठं आहे, आणि ते डॉक्टर विल्सइतकंच त्या बायांचंही आहे.

लाल गोळीत नसलेली एक गोष्ट म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. ते दुधात, अंड्यात, मांसात मिळतं, पालेभाजीत नाही. पाथर्डी तालुक्यात माळकरी घरं पुष्कळ. वारकरी परंपरेच्या भगवानगडाचा हा मुलूख. माळ घातलेल्या घरात अंडं-मटण येत नाही, आणि दूध असलं तर ते डेअरीला जातं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. त्यातल्या बहुसंख्य बायांत बी-१२ कमी आढळलं. ज्यांच्या रक्तात फॉलेट भरपूर पण बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत पुढे अंगावरची चरबी आणि मधुमेहाकडे नेणारे बदल जास्त दिसले. त्याच अभ्यासातून आणखी एक साधी गोष्ट पुढे आली. पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खाणाऱ्या आयांची बाळं जन्मतः जास्त भरलेली होती. म्हणून एखादी माळकरी बाई गोळ्यांना दाद देत नसेल, हातापायाला मुंग्या येतात म्हणत असेल, तर सिस्टर चिठ्ठीवर बी-१२ तपासा असं स्वतःहून लिहून देतात. घरी एक वाटी दही तरी सुनेच्या ताटात पडलं पाहिजे, यासाठी त्या सासूपेक्षा सासऱ्याला गाठतात, कारण डेअरीला दूध घालायला तोच जातो.

रक्त सातच्या खाली असेल तर गोळीवर भागत नाही. शिरेतून लोह द्यावं लागतं, पाचच्या खाली असेल तर रुग्णालयात भरती करून रक्तच चढवावं लागतं. लोहाचं इंजेक्शन पूर्वी एक दिवसाआड, चार-पाच खेपांत द्यावं लागे. उद्या टोळी निघणार असलेल्या बाईला ते कसं जमावं? आता फेरिक कार्बोक्सिमाल्टोजसारखी औषधं आली आहेत, ज्यातून एका बैठकीत १००० मिलिग्रॅमपर्यंत लोह देता येतं. म्हणजे एका गरोदरपणाचा जवळजवळ सगळा हिशेब एका सलाइनच्या बाटलीत. शेजारच्या कर्नाटकातल्या, बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या सहभागाने गरोदर बायांत अशा एकाच मात्रेची आणि रोजच्या गोळ्यांची तुलना करणारा मोठा अभ्यास झाला आहे. स्थलांतर करणाऱ्या बाईसाठी हा उपाय सर्वांत जवळचा आहे, आणि ऊसतोडीच्या तालुक्यांत तो आधी पोचायला हवा. पण त्यालाही एक अट आहे. पहिल्या तीन महिन्यांत शिरेतून लोह देत नाहीत. दसऱ्याला दोन महिन्यांची गरोदर असलेली बाई ट्रकमध्ये बसते तेव्हा हा उपाय तिच्यासाठी उघडलेला नसतो.

अशा बाईच्या कार्डावर सिस्टर मोठ्या अक्षरांत हिमोग्लोबिन, पुढच्या तपासणीचा महिना आणि स्वतःचा मोबाइल नंबर लिहितात. गोळ्यांची जबाबदारी नवऱ्यावर टाकतात. कारखान्याच्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं नाव विचारून घेतात, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, तेवढी तारीख तरी पाठ करून घेतात. एका दिवसाच्या खाड्याची मजुरी बुडते म्हणून सगळ्या जात नाहीत. ज्या जातात त्या फोनवर कळवतात, “सिस्टर, दहा भरलं.” कारखान्याच्या आवारात महिन्यातून एकदा तिथल्याच आरोग्यसेविकेने खोप्यांवर फेरी मारली तर हा खाडाच पडणार नाही, असं सिस्टर बैठकांत पुन्हापुन्हा मांडतात. ते खरंही आहे. ऊस कुठल्या गटातून कधी तोडायचा याची तारीख कारखान्याकडे असते, मग खोपीत सहावा महिना लागलेली बाई आहे हे कळणं अवघड का असावं?

रक्तक्षयाची किंमत कळते ती बाळंतपणात. अर्ध्या लिटरपर्यंत रक्त जाणं नेहमीचं. ११ ग्रॅमची बाई ते सोसते. सात ग्रॅमच्या बाईला तेवढ्यानेच घेरी येते, आणि जास्त गेलं तर वेळ फार थोडा उरतो. त्यात रक्तक्षयी बाईला रक्तस्रावच जास्त होतो, असंही दिसतं. पाकिस्तान, नायजेरिया, टांझानिया आणि झांबिया या देशांतल्या दहा हजारांहून अधिक रक्तक्षयी बाळंतिणींच्या अभ्यासात, २०२३ मध्ये, हिमोग्लोबिन जितकं कमी तितका अतिरक्तस्रावाचा धोका जास्त, असं आढळलं. सिस्टरांनी घाटाच्या रस्त्याने रात्री १०८ रुग्णवाहिकेत बसून केलेले प्रवास आहेत. एका हाताने सलाइन धरायची, दुसऱ्याने पोटावरून गर्भाशय चोळत राहायचं, आणि बाईला बोलतं ठेवायचं. अहिल्यानगरला रक्त मिळेपर्यंत तिच्या अंगात जे आहे तेवढ्यावरच निभवायचं असतं. म्हणून बाळंतपणाच्या दिवशी काय होणार हे सहा महिने आधी ठरत असतं, हे त्या प्रत्येक नवऱ्याला स्पष्ट शब्दांत सांगतात.

खरं तर सहा महिन्यांच्याही आधी. अंगावरून जास्त जाणं, दोन मुलांत अंतर नसणं, लहान वयात लग्न, यामुळे अनेक बाया गरोदर होण्याआधीच रिकाम्या कोठाराने निघालेल्या असतात. ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढण्याचं प्रमाण पुढे आलं तेव्हा २०१९ मध्ये राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. वर्षानुवर्षं जास्त रक्त जात असताना त्या बायांचं हिमोग्लोबिन कोणी मोजलं होतं का, हा प्रश्न त्या चर्चेत मागेच राहिला.

२०१८ पासूनच्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात किशोरवयीन मुलींना आठवड्याला एक निळी गोळी आहे, गरोदर नसलेल्या २० ते ४९ वयाच्या बायांनाही आठवड्याला एक लाल गोळी आहे. गरोदर बाईच्या मानाने गरोदर नसलेल्या बाईकडे फारसं कोणी बघत नाही. सिस्टरांनी आता तिकडे लक्ष वळवलं आहे. त्यांची यादी नवरात्राऐवजी पोळ्यालाच सुरू होते, आणि तिच्यात फक्त दिवस गेलेल्या बाया नसतात. टोळीत जाणारी प्रत्येक बाई असते. कोणाचं लग्न नुकतंच झालं आहे, कोणाची पाळी आठ-आठ दिवस चालते, कोणाला दीड वर्षाचं मूल आहे, कोण माती खाते. पोळा ते दसरा हातात चाळीसेक दिवस मिळतात. तेवढ्यात सगळ्यांचं रक्त तपासायचं, जंताची गोळी द्यायची, ज्यांचं कमी आहे त्यांना रोजच्या गोळ्या सुरू करायच्या आणि चौथा महिना लागलेल्या, रक्त फार कमी असलेल्या बायांना शिरेतून लोह देण्यासाठी मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. यंदाच्या यादीत त्यांनी आणखी एक रकाना वाढवला आहे, कारखान्याचं नाव आणि मुकादमाचा फोन नंबर.